मुंबईची प्रयोगशाळा आणि बार्शीची नोंदवही

सोलापूर आणि डॉक्टरकी म्हटलं की आपल्या तोंडी पहिलं नाव येतं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं. आपल्या सोलापुरात जन्मलेला हा माणूस १९३८ साली चीनला गेला, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिला आणि १९४२ साली तिथंच वारला. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी चित्रपट काढला. ती गोष्ट तुम्ही ऐकलेली आहे. आज आम्ही दुसरी सांगणार आहोत. तिच्यात लढाई नाही आणि तिच्यावर कुणी चित्रपटही काढलेला नाही. तिच्यात एक नोंदवही आहे, आणि ती आपल्या बार्शीची आहे.

ही गोष्ट शिकण्याची आणि शिकवण्याची आहे. एका मोठ्या डॉक्टरानं तरुण पोरापोरींना हाताशी धरून शिकवलं, त्यांनी पुढच्यांना शिकवलं, आणि असं करत करत ती विद्या परळच्या प्रयोगशाळेतून निघून बार्शी, भूम, परांड्याच्या गावांत कशी पोचली, ते सांगायचं आहे. विषय कॅन्सरचा आहे. हा शब्द निघाला की आमच्या गटाच्या बैठकीतही पदर तोंडाशी जातो, आणि ‘पिशवीच्या तोंडाचा’ म्हटलं की कुणीतरी उठून चहा टाकायला जातं. आज जरा बसून ऐका. चहा नंतर घेऊ.

मुंबईत परळला टाटा रुग्णालय सुरू झालं ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले डॉ. वसंत रामजी खानोलकर. १९२३ साली लंडनहून विकृतिशास्त्रात एम.डी. करून आलेले आणि मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत वर्षानुवर्षं शिकवलेले. विकृतिशास्त्र म्हणजे रोगी भागाचा बारीक तुकडा काचेखाली बघून रोग ओळखायचं शास्त्र. ‘तुकडा तपासायला पाठवलाय’ असं डॉक्टर म्हणतात ना, तो तुकडा ज्याच्याकडं जातो तो हा डॉक्टर. रोग्याला सहसा तो दिसतही नाही.

खानोलकरांचं वेगळेपण असं, की काचेखालच्या तुकड्याकडं बघता बघता ते त्या माणसाच्या नेसण्याखाण्याकडंही बघायचे. हा काय नेसतो? तोंडात काय धरतो? १९४५ साली त्यांनी एक निबंध छापला, त्यावर त्यांच्या जोडीनं नाव आहे ते बी. सूर्याबाई यांचं. माणसाच्या सवयीतून होणारे, आपल्या देशात दिसणारे कॅन्सर त्यात मांडले होते. त्यातला एक कमरेवरचा, धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी कसून बांधल्यानं कातडी घासून घासून होणारा. दुसरा चुन्यात मळलेली तंबाखू ओठात धरून ठेवल्यानं होणारा. धोतराची गोष्ट ऐकून पुरुषांचं दुखणं म्हणून सोडून देऊ नका. पुढं आपल्याकडच्या डॉक्टरांनी साडी आणि परकराच्या नाडीच्या जागी असेच रोगी पाहिले आणि नोंदले. फार नाहीत, क्वचितच. पण कमरेला जिथं नाडी काचते तिथं काळा पट्टा पडलेला आपल्यापैकी कितीजणींना आहे? नाडी रुंद घ्यावी, बांधायची जागा अधूनमधून बदलावी, आणि तिथं जखम होऊन ती भरत नसेल तर दाखवावी. एवढंच करायचं आहे.

आता या खानोलकरांच्या हाताखाली एक तरुण बाई आली.

कमल समर्थ हे तिचं माहेरचं नाव. जन्म पुण्यात, ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. मुलींच्या हुजूरपागा शाळेत ती शिकली. वडिलांच्या मनात होतं की पोरीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं. पोरीनं दोन्ही केलं नाही. वनस्पती आणि प्राणी हे विषय घेऊन पदवी केली, गणितातल्या जे. टी. रणदिवे यांच्याशी १९३९ साली लग्न केलं आणि पुण्याच्या शेतकी कॉलेजातून १९४३ साली एम.एस्सी. केली. त्यासाठी अभ्यास कशाचा केला, तर सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींचा. आपल्या बार्शी-वैरागच्या बायांना हे ऐकून बरं वाटेल. जी बाई पुढं कॅन्सरच्या पेशींची जाणकार झाली, तिचा हात सीताफळाच्या पेशींवर बसला होता.

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या, टाटा रुग्णालयात काम करू लागल्या आणि काम करता करता पीएच.डी.चा अभ्यासही. मार्गदर्शक खानोलकर. नवऱ्यानं अभ्यासात हात दिला, हेही सांगायला हवं, कारण सगळ्यांचे नवरे देत नाहीत. १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. आता एखाद्या गुरूनं म्हटलं असतं, शिकलीस, आता माझ्याच हाताखाली रहा, माझी कामं उरक. खानोलकरांनी तसं केलं नाही. परदेशी शिष्यवृत्ती मिळव, आणि आपल्याकडं जे कुणाला येत नाही ते शिकून ये, असं त्यांनी तिला सुचवलं. शिष्याला दुसऱ्या गुरूकडं पाठवायचं म्हणजे मोठं मन लागतं. आपल्याकडं शिवणकाम शिकवणारी बाईसुद्धा कटिंगची शेवटची खुबी मागं ठेवते, हे आपण पाहिलेलं आहे.

कमलताई गेल्या अमेरिकेत, बाल्टिमोर गावी, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. नाव ऐकून हसू येईल, पण उच्चार तसाच आहे. हे गाय काय करत होते? माणसाच्या शरीरातली पेशी शरीराबाहेर, काचेच्या नळीत जिवंत ठेवून वाढवायची खटपट करत होते. आपल्याला समजेल असं सांगायचं तर विरजणासारखं. चमचाभर विरजण ठेवलं, त्याला रोज दूध मिळालं, ऊब नीट राहिली, तर ते चालत राहतं. शेजारणीला दिलं तर तिच्याकडंही चालतं. पेशींचंही तसंच. पोषण द्यायचं, ऊब राखायची, घाण शिरू द्यायची नाही. गाय यांनी तर नळ्या हळूहळू फिरत राहाव्यात म्हणून फिरतं पिंपच बनवलं होतं. तरी माणसाच्या पेशी काही दिवसांत मरून जात. विरजण टिकत नव्हतं.

ते टिकलं १९५१ साली. कसं टिकलं ते आम्ही थांबून सांगणार आहोत.

त्या वर्षी जॉन्स हॉपकिन्सच्या रुग्णालयात हेनरिएटा लॅक्स नावाची कृष्णवर्णीय बाई आली. तंबाखूच्या शेतात राबलेल्या घरातली, पाच लेकरांची आई. अंगावरून रक्त जात होतं. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. उपचार करताना डॉक्टरांनी त्या जागेचा एक तुकडा काढला आणि गाय यांच्या प्रयोगशाळेत दिला. तिला विचारलं नाही. त्या पेशी मात्र मेल्या नाहीत. वाढतच राहिल्या, आजही वाढताहेत. हेनरिएटा त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला वारली, वय ३१. तिच्या पेशी गाय यांनी मागेल त्याला दिल्या, जगभर गेल्या. पोलिओच्या लशीची चाचणी करायला त्या उपयोगी पडल्या. आपल्या लेकरांना जे दोन थेंब मिळाले त्यामागच्या कामात त्या बाईचाही वाटा आहे. आणि तिच्या घरच्यांना हे कळलं कधी? वीसेक वर्षांनी. तोवर तिच्या पेशींवर कित्येकजण मोठे शास्त्रज्ञ होऊन गेले होते.

आम्हाला वाटतं, गाय हे वाईट मनाचे नव्हते. पेशी त्यांनी विकल्या नाहीत, वाटल्या. त्या काळी रोग्याला विचारायची पद्धतच नव्हती, असं म्हणतात. पण पद्धत नव्हती म्हणून बाईचा मान राखला गेला असं होत नाही. हा धागा लक्षात ठेवा, तो पुढं आपल्या शेजारच्या जिल्ह्यात पुन्हा सापडणार आहे.

कमलताई गाय यांच्याकडून पेशी वाढवायची विद्या घेऊन परतल्या आणि त्यांनी परळला तशी प्रयोगशाळा उभी केली. देशातली ती पहिली. खानोलकरांनी १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू केलं होतं, त्यातच ही प्रयोगशाळा. पुढं १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या संचालकपदाची धुराही त्यांनीच सांभाळली. स्तनाचा कॅन्सर, त्यातलं आनुवंशिकतेचं आणि संप्रेरकांचं काम हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केलं. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. मानसन्मानाची यादी वाचत बसत नाही.

मात्र त्यांचं एक काम आपल्या कामाचं आहे. सुधा गोठोसकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी सुपारी आणि तंबाखूचे प्राण्यांवर प्रयोग केले, ते १९७६ आणि १९७९ साली छापून आले. विड्याच्या पानात जे जे पडतं त्यातलं कशानं काय होतं, हे त्यांनी तपासायला घेतलं. नुसती सुपारी, तंबाखूविना, ती तरी निर्धोक आहे का, हा प्रश्न त्यात होता. आज जगातल्या तज्ज्ञांनी सुपारीलाही कॅन्सर करणाऱ्या वस्तूंच्या यादीत घातलेलं आहे. आपल्याकडं सकाळी चूल पेटवायच्या आधी मिश्री लावणाऱ्या बाया घरोघर आहेत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, दुसरं काय? ‘दात दुखतो म्हणून लावते’ हे उत्तर आम्हीही ऐकत मोठ्या झालो.

त्याच संस्थेत पुढं रजनी भिसे यांनी विडी कामगारांवर काम केलं. सोलापूर शहरात विडी वळणाऱ्या बायांची वस्ती केवढी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. सूप मांडीवर, त्यात तंबाखू, दिवसभर बोटं चालू. विडी न ओढता नुसती हाताळली तर काय होतं? भिसे आणि त्यांचे सहकारी महिमकर यांनी विडीच्या तंबाखूवर काम करणाऱ्यांच्या रक्तातल्या पेशी तपासल्या. त्यांच्या गुणसूत्रांत मोडतोड जास्त आढळली. हा निबंध १९९५ सालचा. धूर न ओढताही तंबाखू अंगात शिरते, हे विडी वळणारीला कुणी सांगायची गरज नाही, तिची खोकणारी छाती सांगत असते. पण छातीचं म्हणणं कुणी लिहून घेत नाही, निबंध मात्र पुरावा ठरतो.

कमलताईंनी १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना काढली. तरुण शास्त्रज्ञ मुलींना पाठबळ मिळावं, आणि विज्ञान गावापर्यंत जावं यासाठी. अहमदनगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास त्यांनी केला, खेड्यातल्या बायांना आरोग्याची माहिती दिली. २००१ साली त्या गेल्या.

खानोलकरांच्या हाताखालून निघालेली दुसरी वाट आकड्यांची होती, आणि बार्शीला येते ती हीच. एल. डी. संघवी हे त्यांचे तरुण सहकारी. १९४९ साली दोघांनी मिळून मुंबईतल्या सहा समाजांच्या आनुवंशिक गुणांवर निबंध लिहिला होता. संघवी पुढं लोकांमधल्या रोगांची मोजदाद करणारे मोठे अभ्यासक झाले. कोणता रोग कुणाला, किती, कशामुळं. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांत कस्तुरी जयंत होत्या. १९७७ साली जयंत, संघवी, आणि मुंबईत १९६३ साली कॅन्सरची नोंदणी सुरू करणारे डॉ. जसावाला यांचा एक निबंध आला. तोंडाच्या, घशाच्या, अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये तंबाखू ओढण्याचा वाटा किती आणि खाण्याचा किती, हे त्यांनी हिशेबानं काढून दाखवलं.

मुंबईची नोंदणी चालायची कशी? दवाखान्यांतून कागद गोळा करायचे. शहरात ते जमतं. पण खेड्यातली बाई दवाखान्यात पोचतच नाही, तर कागद कुठून येणार? ती घरीच झुरते, आणि गेल्यावर लोक म्हणतात, ‘अंगावरून जात होतं, बाहेरचं काही झालं असेल.’ सरकारदरबारी तिच्या रोगाला नावच नाही. देशाच्या खेड्यांत कॅन्सर किती, याचं उत्तर त्यामुळं कुणाकडंच नव्हतं.

ते शोधायला १९८७ साली बार्शीत नोंदणी सुरू झाली. देशातली खेड्यांची पहिली कॅन्सर नोंदणी. बार्शीतलं नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय, तिथले डॉ. भगवान नेने, आणि मुंबईहून येणाऱ्या कस्तुरी जयंत यांनी ती उभी केली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं तिच्यात घेतली. म्हणजे दोन जिल्ह्यांच्या सीमेवरचा मुलूख, आपलं सोलापूर आणि तेव्हाचं उस्मानाबाद, आजचं धाराशिव.

इथं मुंबईची रीत चालणार नव्हती. म्हणून कार्यकर्त्यांना शिकवून तयार केलं आणि गावोगाव पाठवलं. गावातल्या जाणत्या माणसांना भेटायचं, लोकांना जमवून रोगाची लक्षणं सांगायची, आणि विचारायचं, असं कुणाला होतंय का? पाळी गेलेल्या बाईच्या अंगावर पुन्हा जातंय का? तोंडातली जखम भरत नाही असं कुणी आहे का? छातीत गाठ? सापडली तर तिला तपासणीला यायला राजी करायचं. हे राजी करणं काय असतं ते आपण जाणतो. एसटीचं भाडं, रोजंदारी बुडणं, लेकरं कुणाकडं ठेवायची, आणि पुरुष डॉक्टरसमोर कसं निजायचं.

नोंदवही भरू लागली तसं दिसलं, की आपल्या भागातल्या बायांत सगळ्यांत जास्त कॅन्सर पिशवीच्या तोंडाचा. मुंबईत तेव्हा स्तनाचा पुढं जात होता, इथं हा.

आणि आणखी एक गोष्ट दिसली. आमच्या मते या सगळ्या इतिहासातली ती सगळ्यांत मोलाची. नोंदणी सुरू केली होती फक्त मोजायला. उपचार वाढवायला नव्हे. पण काही वर्षांत रुग्णालयात येणाऱ्या बाया लवकर येऊ लागल्या. पूर्वी रोग पसरल्यावर यायच्या, आता पहिल्या-दुसऱ्या टप्प्यावर येणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. नवं यंत्र आलं नव्हतं, नवं औषध नव्हतं. गावात कुणीतरी येऊन लक्षणं सांगितली होती, एवढाच फरक. जयंत, नेने आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली हे कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापलं. परदेशातले तरुण डॉक्टर आज बार्शीचं नाव त्या निबंधातून वाचतात. मुंबईनं बार्शीला शिकवलं हे खरं, पण बार्शीनंही जगाला शिकवलं.

याच पायावर पुढचं मोठं काम उभं राहिलं. १९९९ च्या अखेरीस उस्मानाबाद जिल्ह्यात एक अभ्यास सुरू झाला. फ्रान्समधल्या लियॉन इथल्या जागतिक कर्करोग संस्थेचे डॉ. शंकरनारायणन, टाटाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि बार्शीचे नेने त्यात होते, जयंतही होत्या. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया, गावांचे ५२ समूह, त्यांचे चार गट. एका गटात व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल पिशवीच्या तोंडाला लावून पांढरा डाग उठतो का बघायचं. दुसऱ्यात पेशी काचेवर घेऊन तपासायच्या. तिसऱ्यात हा कॅन्सर ज्या विषाणूनं होतो तो विषाणू आहे का, हे नमुना घेऊन पाहायचं. चौथ्या गटाची तपासणी करायची नाही. त्यांना माहिती द्यायची, कुठं जावं ते सांगायचं, आणि नेहमीसारखं चालू द्यायचं.

त्या विषाणूची ओळखही गुरुशिष्यांच्या हातून झालेली. जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन नावाचे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं म्हणत होते, की पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर चामखिळीच्या जातीच्या विषाणूनं होतो. फारसं कुणी मानत नव्हतं. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या ड्यूर्स्ट आणि बोशार्ट या तरुण संशोधकांनी १९८३ आणि १९८४ साली त्याचे दोन प्रकार शोधून दाखवले. आणि त्यातला एक सापडला कुठं माहीत आहे? हेनरिएटाच्या पेशींत. तेहतीस वर्षं काचेत वाढत असलेल्या त्या पेशींनी ती कशानं मेली ते सांगितलं. २००८ साली त्सुर हाउझेन यांना नोबेल मिळालं.

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. ऐकून कुणी कुणाच्या चारित्र्याकडं बोट दाखवू नका. नवरा-बायकोत येतो, बहुतेकींना आयुष्यात कधीतरी होतो, आणि बहुतेकींचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्याजणींत तो मुक्काम ठोकतो, तिथं पुढं बरीच वर्षं लागून कॅन्सर होऊ शकतो. ही बरीच वर्षंच आपल्या हातात असतात. डाग लवकर सापडला तर तो गोठवून काढता येतो. त्यासाठी अख्खी पिशवी काढायची गरज नसते. हे ठासून सांगतो, कारण आपल्या भागात, विशेषतः ऊसतोडीला जाणाऱ्या बायांत, ‘पिशवी काढून टाक’ हे फार स्वस्त झालेलं आहे.

अभ्यासाचा निकाल २००९ साली छापून आला. विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ बायांत या कॅन्सरनं ३४ गेल्या. तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायांत ६४. जवळजवळ दुप्पट. एकदाच केलेल्या तपासणीनं एवढा फरक. बाकीच्या दोन पद्धतींत तेव्हा इतका स्पष्ट फरक दिसला नाही, पण मुंबईच्या वस्त्यांत आम्ल लावून दर दोन वर्षांनी केलेल्या तपासणीनं मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचं शास्त्रींनी २०१४ साली दाखवलं.

आता तो धागा. त्या ६४ बाया कुणाच्या होत्या? आपल्याच. कुणाची तरी नणंद, कुणाची विहीण. तपासणी माहीत असताना त्यांची केली नाही, हे योग्य होतं का, असा प्रश्न पुढं वैद्यकीय नीतीचा विचार करणाऱ्या डॉक्टरांनी विचारला. तपासणीनं फायदा होतो हे जगाला ठाऊक असताना तुलनेसाठी एवढ्या बाया तशाच ठेवायची गरज काय, आणि त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं होतं का, असं त्यांचं म्हणणं. उलट बाजू अशी, की देशात खेड्यांत कुठंच तपासणी नव्हती, त्यांच्याकडून काही काढून घेतलं नव्हतं, आणि पुराव्याशिवाय कुठलं सरकार पैसा काढत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आम्ही स्वतः पहिल्या बाजूकडं थोडं जास्त झुकतो. त्या निबंधानं जगातल्या कित्येक बाया वाचतील हे मान्य, आणि म्हणूनच त्या चौथ्या गटाचं देणं मोठं आहे. नोबेलच्या यादीत त्यांचं नाव नसतं. निदान आपल्या बोलण्यात असावं.

२००९ च्या सप्टेंबरात याच विषाणूवरच्या लशीचा अभ्यास देशात नऊ ठिकाणी सुरू झाला, त्यातलं एक ठिकाण पुन्हा बार्शी. १० ते १८ वयाच्या मुली. काहींना तीन डोस द्यायचे, काहींना दोन, आणि बघायचं दोन पुरतात का. तेवढ्यात एप्रिल २०१० मध्ये सरकारनं लशीचे सगळे अभ्यास थांबवले. आंध्र आणि गुजरातमधल्या वेगळ्याच एका लसीकरण कार्यक्रमावरून वाद पेटला होता, आणि तिथंही मूळ प्रश्न संमतीचाच होता. बार्शीच्या अभ्यासाचा त्याच्याशी संबंध नव्हता, पण डोस बंद झाले. एकूण १७,७२९ मुलींना लस मिळाली होती, त्यातल्या सुमारे पाच हजार मुली एकाच डोसवर राहिल्या.

अभ्यास बुडाला असंच कुणालाही वाटलं असतं. संशोधकांनी मुलींचा पाठपुरावा मात्र सोडला नाही. वर्षामागून वर्षं तपासत राहिले. आणि दिसलं, की एकच डोस मिळालेल्या मुलींचं संरक्षण जवळपास तीन डोसवाल्यांइतकंच आहे. २०२१ साली हे छापून आलं. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी मुलींना एक डोसही चालेल असं सांगितलं, त्यामागच्या पुराव्यात या मुली आहेत. तीन डोसच्या पैशांत तीन मुलींना लस. गरीब देशांना याचा अर्थ काय ते वेगळं सांगायला नको.

लस घेतलेल्या बाईनंही तिशीनंतर तपासणी करायचीच असते, कारण लस त्या विषाणूच्या सगळ्याच प्रकारांना अडवत नाही. आपल्या आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्या बायांच्या तोंडाची, स्तनांची आणि पिशवीच्या तोंडाची तपासणी हा सरकारी कार्यक्रमाचाच भाग आहे. आशाताई फॉर्म भरायला येते तो त्याचाच. तिला विचारा, तपासणार कोण, बाई आहे का, डाग निघाला तर पुढं कुठं पाठवणार, आणि कागद मला मिळणार का. ती चिडणार नाही. चिडली तर पुन्हा विचारा.

आणि बार्शीकडच्या त्या मुली? २००९ साली ज्या अठराच्या होत्या, त्यांनी तिशी ओलांडली. त्यांची स्वतःची तपासणीची वेळ आली आहे, आणि काहींच्या लेकी लवकरच लशीच्या वयाच्या होतील.